चार नावांचं लायसन

देवकी हिंगण्याच्या कारखान्यात लागली ती नवऱ्याच्या जागेवर. बळीराम काविळीने गेला, त्यानंतर दोनेक महिन्यांनी साहेबांनीच तिला बोलावून घेतलं. ती बी.कॉम. झालेली होती, टायपिंगही येत होतं. साल असेल सत्त्याऐंशी. पहिल्याच दिवशी हेडक्लार्क आनंदरावांनी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि म्हणाले, "नाव बळीरामचंच टाका, वहिनी."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"असं हाये, हा रिपोर्ट काढाचा प्रोग्राम मुंबईच्या कंपनीचा. त्याईनं चार नावांचं लायसन देल्लं. मशीन दहा ठेवा, माणसं चारच. साहेब, मी, स्टोअरची तारा अन् बळीराम. पाचवं नाव टाकलं का पैसे वाढले. साहेब नाही म्हनते."

बळीरामचा पासवर्ड त्यांना पाठ होता, सगळ्या ऑफिसलाच होता. भिवापूर. देवकीचं माहेर. गाव मिरचीचं; तिच्या ठसक्याने शिंका येतात म्हणून बळीराम तिथे मुक्कामाला राहायचं टाळायचा. त्याने हा शब्द का निवडला, हे आता विचारणार कोणाला?

रोज सकाळी ती त्याचं नाव टाइप करी. आधी बोटं अडखळत. मग अडखळेनाशी झाली, आणि तेच तिला जास्त लागलं. रिपोर्टच्या तळाशी काढणाऱ्याचं नाव उमटे. वाया गेलेला कागद ती सक्करदऱ्याला घरी नेई. सासरे नत्थूजी त्यावरचं मुलाचं नाव शेजाऱ्यांना दाखवत. "माह्या पोराचं नाव अजून चालते कंपनीत."

देवकी डबा खायला उठली की सेल्सचा कोणीतरी बळीराम होऊन बसे. एक नाव एका वेळी एकाच मशीनवर चाले, म्हणून तो उठेपर्यंत ती हात बांधून बसून राही.

दिवाळीनंतर पुण्याच्या हेड ऑफिसातून विचारणा आली. एका जुन्या रिपोर्टमध्ये डीलरांनी परत केलेला माल विकलेला म्हणून दाखवला होता. खाली नाव बळीरामचं. साहेबांनी आनंदराव आणि देवकी दोघांना बोलावलं.

"बळीरामच्या हातून झालं दिसते," आनंदराव म्हणाले. "तवा तब्येत बरी नव्हती त्याची."

"मग तसंच कळवा," साहेब म्हणाले. "गेलेल्या माणसाला कोण विचारतंय?"

देवकीने कागद ओढून घेतला. तारीख वाचली, पुन्हा वाचली.

"ह्या तारखेले ते जाऊन महिना झालता, साहेब. अन् मी अजून लागली नव्हती. मंग ह्याईच्या नावावर कोण बसलं होतं?"

आनंदराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"मले माह्यं नाव पाहिजे," ती म्हणाली. "उद्या कोणी माह्यावर ढकललं, तं मी कोणतं नाव सांगू?"

साहेबांनी मुंबईला फोन लावला. पुढच्या आठवड्यात प्रोग्रामवाल्या कंपनीचा माणूस आला. त्याने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, नाव उसनं द्यायला परवानगीच नाही. पण माणूस गेला किंवा नोकरी सोडली, तर त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव घालता येतं. त्याचे पैसे पडत नाहीत. तुम्ही कळवलंच नाहीत." मग तो तिच्याकडे वळला. "जुनं नाव पुसू?"

देवकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "पुसा."

पडद्यावरची एक ओळ गेली, दुसरी आली.

पुण्याला उत्तर मात्र आधीच गेलं होतं, चूक बळीरामची म्हणून, आनंदरावांनी सांगितलं तसंच. एकदा कळवलेलं पुन्हा बदललं तर बरं दिसत नाही, असं साहेब म्हणाले. आनंदराव तिच्याशी कामापुरतं बोलू लागले.

नाव बदललं त्या संध्याकाळी नत्थूजींनी कागद मागितला. चष्मा लावून त्यांनी तळाशी पाहिलं, मग मागच्या बाजूला.

"बळीराम कुठं गेला गं बाई?"

तिने समजावलं. लायसन माणसाचं असते, मामाजी, खुर्चीचं नाही. त्याईच्या नावावर दुसरेच चुका करून राहिले होते, म्हणून.

"म्हंजे तूच काढाले लावलं."

"हो, मामाजी."

त्यांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात परत दिली आणि अंगणात जाऊन बसले. पुन्हा कधी त्यांनी कागद मागितला नाही.