साहेबांच्या चहातली साखर

मधुमेही माणसाने मधुमेही साडूच्या घरी जाताना साताऱ्याचे कंदी पेढे नेऊ नयेत, एवढं कुणालाही कळतं. मी नेले. चांगला किलोभर पुडा. यशवंतपूरला गाडीतून उतरताना तो पुडा पोटाशी धरून उतरलो आणि इन्सुलिनची पिशवी बर्थवर विसरलो. मागून सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, पिशवी घेऊन उतरली. "पेढे सुखरूप आहेत ना?" एवढंच तिने विचारलं. लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झाली की बायका ओरडत नाहीत, विचारतात.

जयनगरमध्ये रिक्षा शिरली आणि डोक्यावर झाडांचं छत आलं. रस्त्यावर पिवळ्या फुलांचा सडा, कोपऱ्यावर कॉफीचा वास. सुनंदाची थोरली बहीण या गावातल्या जुन्या मराठी घराण्यात पडली. हे लोक इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आले की त्यांच्या मराठीत कन्नड मिठासारखं विरघळून गेलंय. बहिणीला सगळे अक्का म्हणतात, आणि तिच्या नवऱ्याला सगळे, अगदी त्याची मुलगीसुद्धा, अण्णा म्हणतात.

फाटकातच शेजारचे म्हातारे गृहस्थ भेटले. "ऊटा आय्ता?" (जेवण झालं का?) त्यांनी मला विचारलं. सकाळचे आठ वाजले होते. मी गोंधळलो.

"काही नाही हो, नमस्काराच्या जागी विचारतात," अक्का म्हणाली. "आय्तु म्हणायचं. म्हणजे झालं. जेवला असा नसा, आय्तु."

मी दिवसभर दिसेल त्याला आय्तु म्हणत सुटलो. माझं सगळं कन्नड तेवढंच, पण उच्चार फार छान होता असं माझं मत आहे.

अण्णा ओसरीवर बसले होते. "या. स्वल्प बसा," (थोडं बसा) ते म्हणाले. पूर्वी हा माणूस एका दमात दहा वाक्यं बोलायचा. आता एकेक शब्द शोधून आणत होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

आम्ही कशासाठी आलो होतो ते सांगतो. अण्णा बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर. मागच्या वर्षी एके दिवशी परदेशी पाहुणे कारखाना बघायला येणार म्हणून जेवणाची सुट्टी पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली. अण्णांनी सकाळी इन्सुलिन घेतलेलं. साखर उतरली तर खायला खिशात गूळ असायचा, पण आत खाण्याची वस्तू नेऊ द्यायची नाही असा तिथला नियम, म्हणून तो गेटवर काढून घेतलेला. दुपारी अण्णा झोकांड्या खायला लागले, वरिष्ठांना वाटेल ते बोलले आणि लोखंडी जिन्यावरून डोक्यावर आपटले. कारखान्याने अहवालात लिहिलं: दारूच्या नशेत. कुणी रक्त तपासलं नाही, कुणी तोंडाचा वाससुद्धा घेतला नाही. वर पुरावा काय, तर पडण्याआधी साहेबांनी 'ऊटा आय्ता?' विचारलं होतं आणि अण्णा 'आय्तु' म्हणाले होते. माणूस जेवला होता, मग झोकांडी दारूचीच!

"आमच्या घरात खोकल्याच्या औषधालासुद्धा नाक मुरडतात," अक्का म्हणाली. "आता देवळात बायका बोलता बोलता थांबतात मला बघून."

भरपाईच्या पैशांचं पुढे बघता येईल. अक्काला तो एक शब्द पुसून हवा होता. त्याची सुनावणी दुसऱ्या दिवशी कारखान्यातच होती, आणि घरातला एक वजनदार माणूस सोबत असावा म्हणून मला बोलावलं होतं. वजनाबद्दल वाद नाही.

दुपारी भाची वैदेही मला तिची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. वडिलांना मधुमेह, म्हणून या मुलीने मधुमेही उंदरांच्या मेंदूचा अभ्यास घेतला. आणि अभ्यास अर्ध्यात आला तेव्हा वडिलांच्या डोक्याला मार बसला. उंदीर मला दाखवले नाहीत. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा मेंदूचा काप मात्र काचेवर दाखवला.

"काका, मेंदूच्या दोन पेशींमध्ये फट असते," ती सांगायला लागली. "इकडचा निरोप तिकडे रसायनं नेतात. डोपामिन, सेरोटोनिन अशी नावं आहेत त्यांची."

"म्हणजे पोस्टमन."

"सरी (ठीक), पोस्टमन. आणि पलीकडे तो निरोप घेणाऱ्या टपालपेट्या. साखर फार वाढली की या पेट्यांचं गणित बिघडतं. पण साखर एकदम उतरली तर त्याहून वाईट. मेंदू चालतोच साखरेवर. पोस्टमनच उपाशी, तर टपाल कसं पोचणार? पाय कुठे टाकायचा, जिभेला आवर कसा घालायचा, सगळे निरोप घोटाळ्यात."

"आणि वर डोक्याला मार बसला तर?"

ती काच पुसत राहिली. "मोडलेल्या पेट्या पुन्हा उभ्या राहतात का, तेच शोधतोय आम्ही. उंदरांच्या पलीकडे बोलायची अजून माझी हिंमत नाही."

"उद्या तिथे हे सांग की सगळं."

"सांगून झालंय, काका. उंदरांची डॉक्टर म्हणाले मला. साखर उतरली की माणूस झिंगल्यासारखा वागतो, याला माझ्या संशोधनाची गरजच नाही. कुठल्याही नर्सला विचारा. पण विचारायचं असेल तर ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने तट्टे इडली (ताटलीएवढी चपटी इडली) वाढली. भाचीसमोर पथ्य दाखवावं म्हणून मी अर्धीच खाल्ली. इन्सुलिन मात्र पूर्ण घेतलं. सुनंदाने माझ्या खिशात खडीसाखरेची डबी टाकली.

जयनगरच्या बाजूहून आता थेट बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो जाते. खाली होसूर रोडवर गाड्या मुंग्यांसारख्या अडकलेल्या, आणि आम्ही वरून राजासारखे. कारखान्याच्या गेटवर राजाचे खिसे तपासले. "खायचं आत चालत नाही, सर," सुरक्षारक्षक म्हणाला. मी डबी मुकाट काढून दिली, वर थँक्यू म्हणालो. ज्या नियमाने माझ्या साडूचं डोकं फुटलं त्याच नियमाला मी थँक्यू म्हणालो! सुनंदा आणि अक्काला बाहेरच थांबवलं. अण्णा, वैदेही आणि मी आत गेलो.

अकराला बोलावलं होतं. बाकावर बसवून ठेवलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, साहेब राउंडवर आहेत, साहेब आता येतील. ज्या माणसाला तुम्ही एकदा उपाशी ठेवून पाडलंत, त्यालाच पुन्हा जेवणाच्या वेळी बाकावर बसवता? वैदेही भांडून कॅन्टीनमधून फक्त अण्णांपुरता दहीभात घेऊन आली. "काका, तुम्हाला?" मी म्हणालो, छे, माझं काही नाही. सातारी माणूस दुसऱ्याच्या गावात भूक लागल्याचं कबूल करत नाही.

दोनच्या सुमारास बोलावलं. साहेब निघाले पुण्याचे! तरुण, हसतमुख, हातात सतत फोन. मराठी ऐकून मला भरून आलं. मग त्यांनी आपलं कन्नड दाखवलं: "ऊटा आय्ता, काका?"

मीही माझं दाखवलं. "आय्तु!"

पुढचं मला तुटक आठवतं. साहेब 'प्रोसेस' आणि 'पॉलिसी' म्हणत होते, मानेवर घाम, टेबल लांब चाललंय. एवढ्यात साहेबांचा चहा आला. बशीत दोन बिस्किटं. आमच्यापुढे काही नाही. उरलेलं वैदेहीने नंतर सांगितलं. मी उठलो, खुर्ची पाडली आणि गरजलो, "बिस्किटं बुडवताय? याला उपाशी मारलंत आणि बिस्किटं बुडवताय? आधी उपाशी ठेवायचं आणि वर दारुडा म्हणायचं! दरोडेखोर आहात तुम्ही!" मग भिंतीवर जाऊन आपटलो.

"हे पिऊन आलेत का?" साहेब किंचाळले. "सिक्युरिटी!"

वैदेहीने साहेबांच्या हातातला कप ओढून घेतला, त्यात टेबलावरची साखर आणखी ओतली आणि घोट घोट करून तो चहा माझ्या पोटात घातला. सुरक्षारक्षकाला म्हणाली, "हात लावू नका. दहा मिनिटं थांबा." आणि साहेबांना: "सर, यांनी तुम्हाला काय सांगितलं मघाशी? जेवण झालं म्हणून, ना? बघा आता."

सगळे बघत राहिले. हळूहळू टेबल जागेवर आलं, टेबलामागे साहेब आले, माझी मला लाज आली. उंदरांची डॉक्टर माझी नाडी धरून बसली होती. अण्णा डाव्या हाताने माझी पाठ थोपटत होते. "असंच," ते म्हणाले. "असंच झालं होतं."

साहेबांचा चेहरा उतरला होता. ते उठून बाहेर गेले, कुणाशी तरी फोनवर बोलले आणि परत आले. म्हणाले, "ओके. नशेचा उल्लेख काढतो. पण कॉज तर लिहावं लागेल. 'कर्मचाऱ्याने वेळेवर न खाण्याचा निष्काळजीपणा केला.' इथे सही करा."

आणि मी काय केलं असेन? पोटात गोड चहा गेला होता, शिष्टाचार परत आले होते. मी हात जोडून म्हणालो, "माफ करा हं, साहेब. मी जरा जास्तच बोललो. तुमचीही बाजू आहेच की."

वैदेहीने माझ्याकडे असं बघितलं की पेढ्याचा पुडा असता तर त्यात तोंड लपवलं असतं.

अण्णांनी पेन घेतलं. क्षणभर वाटलं, करतात सही. पण त्यांनी ते टेबलावरून सावकाश साहेबांकडे सरकवलं. "गूळ," ते थांबले. "गूळ माझ्या खिशात होता. गेटवर ठेवून घेतला तुम्ही. निष्काळजी कोण?" आणि उठले.

गेटवर माझी डबी मला परत मिळाली. बाहेर अक्काने विचारलं, "काय झालं?" अण्णा म्हणाले, "दारू गेली. बाकीचं राहिलं. परत येऊ." अक्का तिथेच, होसूर रोडच्या धुळीत, पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, कुणी जेवलंय का?" या वेळी कुणी आय्तु म्हणालं नाही.

परतीच्या गाडीत मी सुनंदाला समजावत होतो. एवढं मोठं शहर, मेंदूतले निरोप काचेवर वाचणारी पोरं तिथे आहेत, आणि त्याच शहरात उपाशी माणसाला दारुडा म्हणणारेही आहेत. संताप येतो. पण आपण सभ्यपणा सोडता कामा नये. तो पोरगाही तसा वाईट नव्हता, चहा त्याचाच होता. मी दरोडेखोर म्हणालो ते शुद्धीत नव्हतो म्हणून. शुद्धीवर आल्यावर लगेच माफी मागितली, हे अण्णांच्या बाजूने चांगलंच झालं असणार.

सुनंदाने माझं बोट पुढे ओढलं, सुई टोचली, यंत्रावरचा आकडा पाहिला. साखर उत्तम होती. तिने यंत्र पिशवीत ठेवलं.

"पुढच्या तारखेला अण्णांबरोबर तुम्हीच जायचंय," ती म्हणाली. "भरपेट जेवून जा. आणि उपाशी असताना जे बोललात, तेच बोला."