विहीर भरलेली होती

“आडनाव काय बे तुयं?” विहिरीच्या चबुतऱ्यावरून पाटलानं विचारलं. मी सांगितलं.

“मंग खालीच राह्य. वर पाय ठेवू नोको.”

मापाची टेप माझ्या हातात होती. सरांनी ती काढून घेतली, दुसऱ्याला दिली. मला म्हणाले, “तू आकडे लिहून घे.” एवढंच. जसं काही घडलंच नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही पॉलिटेक्निकची पोरं सरांबरोबर विहिरीची मापं घ्यायला मोताळ्याकडच्या एका गावात आलो होतो. चबुतऱ्याखाली बौद्धवाड्यातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. वरच्यांपैकी कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. माझी मायही आमच्या गावात अशीच बसायची.

सर म्हणाले, “या बायांचा फार वेळ जातो. उपाय सुचवा.”

लगेच पेन्सिली चालल्या. एका हुशार पोरानं कागदावर कठड्यातून खाली जाणारी लोखंडी नळी काढली. वर नरसाळं, खाली तोटी. वरच्यांनी वरून ओतायचं, खालच्यांनी खालून भरायचं.

पाटील खूष झाला. “वा! इटाळ बी नाही, खोळंबा बी नाही!”

“याला म्हणतात इंजिनियरिंग,” सर म्हणाले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याहून वाईट पुढं होतं. खालची एक म्हातारी हात जोडून म्हणाली, “बरं होईन मायबाप. कोणाले हाका तं माराव्या लागनार नाही.” त्या जोडलेल्या हातांची मला किळस आली, आणि मग किळस आल्याची लाज.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी कोरी ड्रॉइंग शीट माझ्यासमोर टाकली. “तुझा हात चांगला आहे. नळीचं चित्र तू काढ. तुमच्याच लोकांचं भलं आहे.”

मी पेन्सिल उचलली नाही. “सर, अडचण काय हाये, ते अगोदर लिहू द्या.”

“अडचण पाण्याची.”

“विहीर तं भरेल हाये, सर. बायांले वर चढू देत नाहीत, ही अडचण हाये.”

सरांचा चेहरा लाल झाला. “तो विषय आपला नाही. गुण मी देतो, लक्षात ठेव.”

“नका देऊ,” मी म्हणालो.

त्यांनी खरंच नापास केलं. वर्ष गेलं. मायनं आणखी एक वर्ष लोकांच्या शेतात निंदण करून मला शिकवलं.

आता मीच शिकवतो. पोरं अजूनही प्रश्न ऐकायच्या आधी पंप काढतात, टाकी काढतात. मी पेन्सिली खाली ठेवायला लावतो. विचारतो, अडचण कोणाची? ती केली कोणी? कोणाला ती तशीच राहायला हवी? उत्तर येईपर्यंत कागदावर एक रेघ नाही. वरचे साहेब म्हणतात, राजकारण शिकवतो. म्हणोत.

ती नळी मी काढली नाही. माझ्या वर्गात ती कोणाला काढू देणार नाही.