गप्प बसायला शिकलेल्या बाई

बुधवारी संध्याकाळी मी ताईच्या फोनमधली एकशे बारा रेकॉर्डिंग्ज पुसून टाकली. अर्धवट काम मला आवडत नाही, म्हणून फोनमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

माझी बाजू ऐकून घ्या. ‘फोनमध्ये जागा नाही म्हणतोय, जरा बघ’ असं तीच म्हणाली होती. मी एकदा रिमोटमध्ये सेल बदलून टीव्ही चालू केला होता, तेव्हापासून आमच्या घरात तंत्रज्ञान माझ्याकडे असतं. मी दोन-तीन रेकॉर्डिंग्ज ऐकूनही पाहिली. बाकं सरकत होती, कुणी खोकत होतं, कुणी कुणाला ‘ए गाढवा, आधी कंस सोडव’ म्हणत होतं. मला वाटलं, पिशवीत फोन आपोआप चालू झाला असणार.

ताईने फोन पाहिला, मग मला पाहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी सुटलो असतो.

“उद्या मुख्याध्यापक वर्गात येणारेत,” ती म्हणाली. “त्यांना हेच ऐकवायचं होतं.”

आमची ताई चोवीस वर्षं शाळेत गणित शिकवते. शाळेत पडदा आणि प्रोजेक्टर आला तेव्हा सगळ्यांत आधी तीच शिकली. तिची अक्षरं उजवीकडून उडत यायची आणि गिरकी घेऊन बसायची. मुलं खूश! महिन्याभराने तिने विचारलं, काय समजलं? एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, “बाई, सात आकडा मस्त फिरतो.”

मग एके दिवशी टेबलावर फोन चुकून चालू राहिला आणि चाळीस मिनिटांचा आख्खा तास रेकॉर्ड झाला. घरी येऊन तिने तो कागद-पेन्सिल घेऊन ऐकला. छत्तीस मिनिटं ती स्वतः बोलत होती. मुलांच्या वाट्याला ‘हो बाई’ आलं होतं, एकोणीस वेळा. त्या दिवशी ती जेवली नाही. तिचे यजमान म्हणाले, “मला हे लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं.” त्यांनाही त्या दिवशी जेवण नीट मिळालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने नातेवाइकांच्या कपाटांतले जुने फोन गोळा करायला सुरुवात केली. काचा तडकलेले, बॅटरी फुगायच्या बेतात आलेले असे सहा जमले. बाकं समोरासमोर आली. चार-चार मुलांचा गट, मध्ये एक फोन आणि एक गणित. आपापसात भांडा, समजवा, चुका. संध्याकाळी ती सगळं स्वतःच्या फोनवर घेऊन जुने फोन रिकामे करायची आणि घरभर चालत ऐकायची. आणि वर्गात? वर्गात गप्प राहायचं! तिचा जीव नुसता वरखाली व्हायचा. तोंडाशी उत्तर आलं की ती पाण्याचा घोट घ्यायची. पहिल्या आठवड्यात ती रोज तीन बाटल्या पाणी प्यायली.

पण त्या गलबल्यात तिला काय काय सापडलं! वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने गटातल्या मुलाला वजा संख्या समजावल्या होत्या, लिफ्टवरून. “शून्य म्हणजे तळमजला. वजा दोन म्हणजे खाली, जिथे गाड्या लावतात ना, तिथे.” चोवीस वर्षं संख्यारेषा काढणाऱ्या ताईने ते चार वेळा ऐकलं.

मुख्याध्यापकांना मात्र फक्त गलबला ऐकू येत होता. “बाई, तुमच्या वर्गात बाजार भरतो,” ते म्हणाले. “गुरुवारी येतो. यात शिक्षण कुठे आहे ते दाखवा. नाहीतर शुक्रवारी बाकं पुन्हा रांगेत.”

आणि बुधवारी मी माझी कामगिरी बजावली.

गुरुवारी प्रायश्चित्त म्हणून मी गटागटांत फोन मांडून द्यायला शाळेत गेलो. ताईने फळ्यावर लिहिलं: वजा तीनमधून वजा पाच वजा करा. मग ती खिडकीशी गेली. तिथून दाराशी. तिथून परत खिडकीशी. पहिल्या दहा मिनिटांत अर्धी बाटली संपली.

मुख्याध्यापक एका गटाजवळ खुर्ची टाकून बसले. मुलं अडली. एक म्हणालं वजा आठ, दुसरं म्हणालं वजा दोन, तिसरं खोडरबर शोधत होतं. मुख्याध्यापक खुर्चीत चुळबुळले, घड्याळ पाहिलं, चष्मा पुसला. शेवटी उठलेच.

“अरे, दोन वजा म्हणजे अधिक! इतकं साधं!”

“पण का, सर?” ती लिफ्टवाली मुलगी म्हणाली.

मग सर जे सुरू झाले ते घंटेपर्यंत. ताई खिडकीशी रिकामी बाटली तोंडाला लावून उभी होती.

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले, “हं, बाई. पुरावा?”

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्याकडे आजचंच काय ते होतं. साहेबाला त्याचाच आवाज ऐकवायचा म्हणजे नोकरीत कुणी करत नाही असली गोष्ट. तरी तिने त्या गटाचं रेकॉर्डिंग लावलं.

सर ऐकू लागले. “कोण हा? किती बोलतो!” ते म्हणाले. मग लाल झाले. शेवटच्या तेरा मिनिटांत साडेनऊ मिनिटं सर होते. मधूनमधून तीन वेळा बारीक आवाजात ‘पण का, सर?’ आलं होतं. उत्तर एकदाही नव्हतं.

त्यांनी पेपरवेट गोल फिरवला. “सहामाहीपर्यंत राहू द्या बाकं तशी,” ते म्हणाले. “पण गुण घसरले तर बघा.”

बाहेर व्हरांड्यात ताई इकडून तिकडे फेऱ्या मारत होती. सहामाहीला सहा आठवडे होते. मी दाराजवळच्या टेबलावरचे फोन पिशवीत भरायला घेतले आणि वातावरण हलकं करावं म्हणून म्हणालो, “म्हणजे ताई, ती जुनी पुसली गेली ते एका अर्थी बरंच झालं, नाही का?”

“बरं-बिरं काही झालेलं नाही, तो फोन खाली ठेव.”