साबणवाली मार्गेड

कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या आमच्या नांतगोख गावात निम्म्या गल्लीचं आडनाव जोन्स. मग माणूस ओळखायचा तो टोपणनावानं. मार्गेड जोन्सला पुरुषांनी ‘साबणवाली’ म्हणायला सुरुवात केली ती टिंगल करायला. हसा मेल्यांनो, हसून घ्या!

सुरुवात झाली माझ्या घरापासून. खाणीतून पुरुष काळेठिक्कर होऊन घरी यायचे, चुलीपुढच्या पत्र्याच्या टबात बसायचे आणि आम्ही बायका हंडेच्या हंडे पाणी उकळायचो. माझा नवरा ग्विलिम आणि दोन दीर, तिघांच्या पाळ्या वेगळ्या, म्हणजे चूल कधी विझायचीच नाही. एकदा माझी पाठ वळली आणि नुकतं चालायला लागलेल्या माझ्या नेस्टनं त्या कढत पाण्यात हात घातला. तिची किंकाळी ऐकून शेजारची मार्गेड धावत आली. पोरीच्या हातावर गार पाणी ओतता ओतता म्हणाली, "सेरा, आता बास! पुरुषांनी आंघोळ करूनच खाणीतून घरी यायचं. तिथेच न्हाणीघर बांधून घ्यायचं."

"आपलं कोण ऐकतंय गं?"

"डोळे पूस आणि आधी तू ऐक."

बाईनं मजूर पक्षाचा बायकांचा गट काढला, आमच्या खोऱ्यातला पहिलाच! दारोदार फिरायची. कुणाच्याही घरात शिरली की आधी त्या बाईची बादली उचलायची आणि मग बोलायची. म्हणायची, "नुसतं भाषण ठोकलं तर दार लावून घेतील." बघता बघता प्रार्थनाघराचा मागचा हॉल आम्हाला पुरेना. आणि आम्ही तरी काय भांडायचो तिथे! मजा यायची.

पण न्हाणीघर हवं की नको, याचं मत द्यायचं होतं खाणीत उतरणाऱ्यांनी. म्हणजे पुरुषांनी. आणि आमच्या पुरुषांच्या डोक्यात एकच खूळ: पाठ धुतली की कणा मऊ होतो. छाती, हात, तोंड साबणानं घासतील, पण पाठ? ती नुसती कोरड्या फडक्यानं पुसायची. न्हाणीघरात तर म्हणे डोक्यावरून पाणी पडणार!

मतदानाच्या शनिवारी दुपारी युनियनचा हॉल गच्च भरला. आम्ही बायका वर सज्जात. मार्गेड खाली उभी राहून बोलली, पोरांचे भाजलेले हात सांगितले, गरोदरपणी उचललेले हंडे सांगितले. ऐकणाऱ्यांच्या माना हलायला लागल्या होत्या. तेवढ्यात युनियनचे म्हातारे अध्यक्ष सिलास प्रोसर उठले.

"बाई, तुझा नवरा इदवल या खोऱ्यात सगळ्यात जास्त कोळसा फोडतो. कशाच्या जोरावर? कण्याच्या! तो धुतो का पाठ? सांग की!"

हॉल खो खो हसला. मार्गेड लालबुंद झाली आणि गप्प बसली. मार्गेड! जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही ती! मी वरून ओरडले, "अगं बोल ना!" तिनं नुसती मान खाली घातली. हातातलं सगळं निसटलं, असं वाटून मला रडूच फुटलं.

आणि मागच्या बाकावरून इदवल उठला. सभेत कधी चकार शब्द न काढणारा माणूस. पुढे आला, कोट काढला, सदरा काढला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. लख्ख गोरी पाठ! वर फक्त कोळशाच्या जुन्या जखमांचे निळे ओरखडे.

"लग्न झाल्यापासून रोज ती धुते," तो म्हणाला. "तुम्ही हसाल म्हणून मीच तिला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. आज सगळं हातचं जात होतं तरी तिनं ती पाळली. आता कुणाला माझा कणा मऊ वाटत असेल, त्यानं सोमवारी माझ्याबरोबर कोळसा फोडायला यावं."

मग एक हात वर झाला, मग दहा, मग मोजणारेच गोंधळले. आम्ही सज्जात अशा नाचलो की प्रोसर ओरडले, "अगं बायांनो, सज्जा कोसळेल!" त्यांचाही हात वरच होता.

न्हाणीघर बांधून व्हायला पुढे वेळ लागला. पण त्याच संध्याकाळी ग्विलिम टबात बसला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सेरा, ती पाठ पण घास."

मी फडकं फेकलं आणि साबण घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या नवऱ्याची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.