दोन खोल्या, तीन लाईनी

मंगरूळपीरला आमचं घर दोन खोल्यांचं, वर टिनं, आणि लाईट मात्र थ्री फेजची. मीटर वाचायला कधी नवा माणूस आला की तो दारातच थबकायचा. "इथं गिरणी हाये का?" गिरणी कुठली, बाप्पा. पुढच्या खोलीत अब्बांचं कापूस पिंजायचं मशीन होतं, त्याच्या मोटारीला तीन फेज लागायचे. गल्लीत घरटी एक लाईन, आमच्याकडे तीन. शाळेत असताना मला याचा भारी तोरा होता. दुसरं मिरवण्यासारखं आमच्याकडे होतं तरी काय?

अब्बा गाद्या भरायचे. ते गेले, लोक बाजारातून फोमच्या गाद्या आणायला लागले, मशीन भंगारात गेलं. कनेक्शन तेवढं राहिलं. मी कपडे शिवून घर चालवायला लागले तेव्हा म्हटलं, एवढं थ्री फेज आपल्याला कशाला, साधी लाईन करून घेऊ. अम्मी अशी तडकली की दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी भाकर थापता थापता म्हणाली, "एक गेली तं दुसरी रायते. तुह्या अब्बानं घराले अंधार पाहू देला नाही."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडची लाईट कधी पूर्ण जात नाही, तुकड्यातुकड्यानं जाते. वाऱ्यानं फांदी पडली, तार निसटली, की एक लाईन मरते, बाकी दोन चालू असतात. अब्बांनी त्यावर आपली युक्ती काढली होती. मीटरखाली एक लाकडी पाटी ठोकलेली. तिच्यावर तीन झिरो बल्ब, लाल, पिवळा, निळा, एकेका लाईनीचा एकेक. प्रत्येक बल्बाखाली सॉकेट. साऱ्या घराची वायर एका जाड प्लगला आणलेली. जो बल्ब नीट पेटलाय त्याच्याखाली प्लग खोचायचा, की घर चालू. "जो झकास पेटला तो आपला," अब्बा म्हणायचे. मला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं. गल्लीतल्या बाया मोबाईल घेऊन यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "आज कोनती चालू हाये वं?" मीही शिवणावरची नजर न काढता सांगायची, "पिवळी."

अम्मीनं त्या मशीनजवळ उभं राहून तीस वर्षं कापूस सारला. तोंडाला ओढणी बांधायची, तीही उकडतं म्हणून दुपारी सोडून टाकायची. तो सगळा भुगा तिच्या छातीत जाऊन बसला. मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवा, नळी नाकातून काढू नका. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन ओढून देतं, त्याला फक्त वीज लागते. आंघोळीपुरती नळी काढली तरी अम्मीला दोन शब्द बोलता यायचे नाहीत. मशीन बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं, सोबत स्टॅबिलायझर घ्या, तुमच्या भागात वीज कमीजास्त होते. त्याला मी काय सांगितलं असेल? "भाऊ, आमच्याकडे तीन लाईनी आहेत. आम्हाला कशाला लागतो?" वर हसले सुद्धा. आता ते हसू आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

यंदाच्या मे महिन्यातली दुपार होती. सकाळपासून गरम वारं सुटलेलं, गल्लीत धुळीचे भोवरे फिरत होते, टिनं खडखडत होती. जोहरची नमाज पढून मी शिवायला बसले तोच अम्मीचं मशीन पीं पीं करायला लागलं. पंखा मरगळला. पाटीकडे पाहिलं तर लाल बल्बात नुसती तार धुगधुगत होती. प्लग लालमध्येच होता. पिवळाही मेल्यासारखा. आणि निळा? निळा असा पेटला होता की तसा मी जन्मात पाहिला नव्हता. निळसरपणा जाऊन पांढरा पडला होता. मला आनंद झाला. खरंच सांगते, आनंदच झाला.

उठले. अम्मी बाजेवर उशांना टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे बघत हात वर केला आणि बोटं हलवली. पुन्हा हलवली, जोरात. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. लाईन मरगळली तसा तिचा ऑक्सिजनही कमी झाला होता. पाणी मागतानाही ती असाच हात करायची. मी म्हटलं, "हो वं माय, पानी देऊन राह्यली, थांब जरासं." लालमधून प्लग उपसला, निळ्यात खोचला. मशीन घुमायला लागलं, पंखा गरगरा फिरला. मी माठाकडे वळले. गलास पाण्यात बुडवला असेल नसेल, मागे फट् झालं. मग काहीच आवाज नाही. जळक्या वायरीचा वास सगळ्या घरात भरला. पाटीवर निळ्या बल्बाची नुसती टोपी उरली होती.

दारामागे छोटं सिलिंडर होतं, अडीअडचणीसाठी ठेवलेलं. ते उघडायची लोखंडी चावी खिळ्याला टांगलेली असायची, त्या दिवशी ती खिळ्यावर दिसेना. मी सगळं घर उलथलं. शिवायच्या कपड्यांच्या ढिगात सापडली, मीच कधीतरी त्या चावीनं काहीतरी ठोकलं असणार. तोवर अम्मीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि डोळे माझ्यावर होते. नळी जोडली. काटा अर्ध्याच्याही खाली होता. दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला, ती वाशिमहून निघणार म्हणाले. म्हणजे येणं एक तास आणि जाणं एक तास. सिलिंडर तेवढं पुरणार नव्हतं, एवढा हिशेब तर मलाही येत होता.

शेजारचा भाऊ भाजीचा टेम्पो चालवतो. त्यानं काही न विचारता अम्मीला उचललं, मागे गादी टाकली. अब्बांनी भरलेली शेवटची गादी होती ती. मी सिलिंडर मांडीत धरून बसले. गल्लीच्या तोंडाशी वायरमन खांबावर चढलेला होता. त्यानं टेम्पो पाहून वरूनच सांगितलं, "ताई, न्यूट्रल तुटला. घरी सांगून ठेवा, निळ्या लाईनीवर काही लावू नोका. लय जास्त येऊन राह्यली तिच्यात."

न्यूट्रल म्हणजे तिन्ही लाईनींची परतीची तार. ती तुटली की तिघींमध्ये ओढाताण सुरू होते. जिच्यावर घरं जास्त ती मरगळते, जिच्यावर घरं कमी तिच्यात भलतीच वीज चढते. आमच्या गल्लीत निळीवर चार-पाचच घरं. हे सगळं मी नंतर विचारून विचारून समजून घेतलं. त्या क्षणी एवढंच समजलं की ते मशीन मी माझ्या हातानं जाळलं.

वाशिमच्या रस्त्यावर मी अम्मीकडे पाहिलंच नाही, काट्याकडे पाहत होते. भावाला म्हणत होते, पळव रे, पळव. तो म्हणाला, "ताई, खड्ड्यात आदळलो तं त्याइले त्रास होईन." दोघंही बरोबर होतो, त्याला मी करणार काय. काटा शून्याला टेकला तेव्हा हॉस्पिटल अजून बरंच दूर होतं. अम्मीचा हात धरला तर तो थंड होता, भर मे महिन्यात. मी दुआ मागायला लागले आणि मधेच विसरले. लहानपणापासून पाठ असलेली दुआ विसरले.

पोचलो तेव्हा ती जिवंत होती. डॉक्टर म्हणाले, फार वेळ गेला, बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मास्क जरासा बाजूला केला. मी परत लावायला गेले तर माझं मनगट धरलं.

"तुह्या अब्बाचा रेडिओ असाच जळला होता," ती एकेक शब्द थांबून थांबून बोलत होती. "तू पाळन्यात होती. लय उजेड आला का हात नाही लावाचा, म्हनत जात होते."

"मंग मले काहून नाही सांगितलं कधी?"

"याद नाही राह्यली. तो बल्ब पाह्यला तवा याद आली." थोडा श्वास घेतला. "हात हालवला ना म्या. तू पानी आनाले गेली."

मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी लाज वाटत होती. तिनं मास्क लावू दिला, मग पुन्हा काढला.

"लोकाइले सांगजो, मशीन खराब निघालं. तुहं नाव घेऊ नोको."

चौथ्या दिवशी ती गेली.

घरी माणसं येत राहिली. गल्लीतल्या बाया, अब्बांकडून गाद्या भरून घेणारे म्हातारे, टेम्पोवाला भाऊ. सगळ्यांनी विचारलं, असं कसं झालं? आणि मी प्रत्येकाला सांगितलं, मशीन खराब निघालं. बाया म्हणाल्या, आजकाल सगळा माल असाच येतो, तुह्या हातात काय होतं. कोणी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

मशीन चांगलं होतं. अम्मीचा हातही मला दिसला होता.