डॉट भारत, डॉट किल्ल्याजवळ

कॉम्प्युटर दुरुस्तीत माझा हात चांगला आहे. हे मीच सांगतो, कारण अमरावतीत दुसरं कोणी सांगत नाही.

मोर्शीच्या माझ्या वहिनी संत्र्याची कलमं तयार करतात आणि त्यांची आगाऊ नोंदणी वेबसाइटवर घेतात. अकोल्याच्या रोप-प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्या वेबसाइटचा, ‘डॉट भारत’ने संपणारा मराठी पत्ता छापून यायला हवा होता, नाहीतर गिऱ्हाईक येणार कुठून? पण आयोजकांचा जुना कॉम्प्युटर ‘डॉट भारत’ पाहून म्हणाला, पत्ता चुकीचा. पत्त्याच्या शेवटी काय चालतं, याची त्याच्या सिस्टीममधली यादी जुनी. ‘कॉम’, ‘इन’ची ओळख, भारताची नाही. सिस्टीम बदलावी, तर पुस्तिकेचा प्रोग्रॅम नवीवर चालत नव्हता.

“वहिनी, इंग्रजी पत्ता घ्या ना,” मी म्हटलं.

“काहून? कलमं मराठीत, पाटी मराठीत, अन् पत्ताच तेवढा इंग्रजीत? तुमाले जमत नाई असं सांगा न भाऊजी.”

झोंबलं. मी अकोल्याला गेलो आणि पत्ता यादीशी ताडून पाहायचं कामच बंद करून टाकलं. आता काहीही चालेल! डॉट भारत चाललं. मी चहाला गेलो.

परत येतो तर आयोजकांचे सचिव लालबुंद. बाळापूरच्या एका काकांना वेबसाइट विचारली, तर ते म्हणाले, “सगळे डॉट-डॉट सांगून राहिले, माहंही लिवा. बाळापूर डॉट किल्ल्याजवळ.” कॉम्प्युटरने निमूटपणे घेतलं होतं.

“उद्या कोणी खोट्या दुकानाचा पत्ता दिला, तर तोही छापू का?” सचिव कडाडले. “मराठी पत्ते बंद! सगळे!”

म्हणजे वहिनींचा पत्ता मीच बुडवला. एक दिवसाची मुदत मागितली, आणि या वेळी शहाण्यासारखा वागलो. माझ्या नव्या कॉम्प्युटरवर मूळ साइटवरून नवी यादी उतरवली, तिची डिजिटल सही जुळवून ती अस्सल असल्याची खात्री केली, घरच्या तसल्याच जुनाट डब्यावर चालवून पाहिली. मग अकोल्याला जाऊन आधीची यादी बाजूला जपून ठेवली, नवी बसवली आणि तपासणी पुन्हा सुरू केली. काकांचा किल्ला लगेच ढासळला. डॉट भारत टिकलं.

या वेळी सोबत आलेल्या वहिनी मागे उभ्या होत्या. पडद्यावर त्यांचा पत्ता उमटला: एक्स, एन, दोन रेघा आणि पुढं इंग्रजी अक्षरांची खिचडी.

“हे काय लिवलं भाऊजी? हे तर आपल्या गावचंही वाटत नाई.”

“जुन्या सिस्टीमला मराठी नीट दाखवता येत नाही, ती तोच पत्ता इंग्रजी अक्षरांच्या खुणांनी लिहिते. पुस्तिकेत मराठीच छापेल. त्यावर दाबून पाहा.”

त्यांनी दाबलं. कलमांचे फोटो हळूहळू उघडले. वहिनींनी मान न वळवता सचिवांना सांगितलं, “छापा.”