बँकॉकची परीक्षा

आमची विमान कंपनी एका दुपारी बंद पडली. आदल्या दिवशी मी रायपूरहून हैदराबादला फ्लाइट आणली होती. ती आपली शेवटची, हे ना मला ठाऊक होतं ना मागे बसलेल्या प्रवाशांना. काही महिने कंपनी पुन्हा सुरू होण्याची वाट हैदराबादलाच पाहिली आणि मग बायको-मुलीला घेऊन जबलपूरला आई-बाबांकडे आलो.

मी दोन पंख्यांची लहान विमानं उडवायचो. देशात त्यांच्यावर जागा नव्हत्या, म्हणून परदेशी एजन्सींकडे अर्ज करू लागलो. तिकडे कंत्राटावर पायलट घेतात, पण आधी विचारतात, शेवटचं उड्डाण कधी केलं? नोकरी नाही म्हणून उड्डाण नाही, आणि उड्डाण नाही म्हणून नोकरी नाही. जितका जास्त काळ घरी बसलो, तितका कमी कामाचा होत गेलो.

अखेर एका एजन्सीनं सिम्युलेटरच्या परीक्षेसाठी बँकॉकला बोलावलं. मी कॉकपिटचा मोठा फोटो छापून भिंतीवर चिकटवला आणि समोर खुर्ची टाकून रोज सराव करू लागलो. डोळे मिटून हात बरोबर जागी जातो का, ते पाहायचो. मुलगी दारातून विचारायची, "पापा, क्या कर रहे हो?" आई म्हणायची, "जेवून घे आधी. विमान काही पळून नाही राहिलं."

परीक्षा घेणारा एक म्हातारा परदेशी कॅप्टन होता. सिम्युलेटरमध्ये टेकऑफ घेतानाच त्यानं डावं इंजिन बंद पाडलं. विमान डावीकडे ओढलं गेलं, माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला, विमान सरळ झालं. आता बंद पडलेल्या इंजिनाचा लिव्हर मागे घ्यायचा होता. माझा हात उजव्या लिव्हरवर गेला, म्हणजे चालू इंजिनाच्या. मी तो ओढला नाही. लगेच उचलला आणि डाव्यावर नेला. पण शेजारी बसलेल्या दुसऱ्या उमेदवारानं ते पाहिलं होतं, आणि म्हाताऱ्यानंही.

नंतर त्यानं मला बाहेर कॉफी आणून दिली. किती दिवसांपासून घरी आहेस, विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "तू चांगला पायलट होतास. ते दिसतं."

तो मनानं चांगला माणूस होता. म्हणूनच तो 'होतास' जास्त लागला.

मी घरी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. खमरियाच्या फॅक्टरीत त्यांची सारी नोकरी दारूगोळ्याच्या चाचणीवर गेली, त्यात कान गेले. ऐकायचं मशीन ते लावत नाहीत. काय झालं, त्यांनी विचारलं. मी हळूच म्हणालो, नाही घेतलं.

"काहून बारीक बोलून राहिला? जोरात सांग."

मी जोरात सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं, आणखी जोरात. समोरच्या भाभीजी कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि आत गेल्या. बाबा म्हणाले, "अच्छा," आणि रस्त्याकडे पाहत बसले.

आईनं आम्हाला न सांगता नर्मदेला चुनरीचा नवस बोलला होता. नोकरी लागली की वाहायची म्हणून आणूनही ठेवली होती. त्या आठवड्यात ती मला ग्वारीघाटला घेऊन गेली. मी म्हणालो, आई, नवस पुरा झालाच नाही, मग फेडायचं काय? ती म्हणाली, "घरात ठेवून तरी काय करू तिचं?" नाववाल्या भैयानं एक टोक धरलं, दुसरं तिनं, आणि दोघांनी ती पाण्यावर सोडली. घाटावर हात जोडताना तिनं काही मागितलं असं मला वाटलं नाही.

आता मी एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो. एजन्सींचे फोन हळूहळू बंद झाले. लायसन्स चालू ठेवायला दिल्लीत द्याव्या लागणाऱ्या मेडिकलची तारीख यंदा जवळ आली, तेव्हा बायकोनं विचारलं, दिल्लीचं तिकीट काढू का?

मी नको म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.